पोशो, जेरीकॅन आणि प्रार्थना: युगांडातल्या शिष्यत्व प्रशिक्षणाला निघणाऱ्या ताईंस

जय ख्रिस्त, ताई.

नगरची मंडळी (चर्च) तुम्हाला जानेवारीच्या तुकडीत युगांडातल्या जिंजा शहरात सहा महिन्यांच्या डीटीएसला, म्हणजे शिष्यत्व प्रशिक्षण शाळेला, पाठवायला तयार आहे. दिवस कसा जातो, जेवायला काय असते, आजारपणाचे काय, आणि आत्मिक वाढ खरोखर होते की शिबिरातल्यासारखा चार दिवसांचा उत्साह, असे तुम्ही विचारले आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, तो आधी घेऊ.

वाढ होते, पण लोक ती जिथे शोधतात तिथे क्वचितच सापडते. वर्गातली शिकवण चांगली असते, वह्या भरतात. माणूस हलतो तो मात्र पाण्याच्या रांगेत, चौघींच्या खोलीत आणि आपल्याहून वयाने लहान असलेल्या युगांडन पुढारिणीचे ऐकताना. म्हणून तयारी वह्यांची कमी आणि स्वभावाची जास्त करा.

डीटीएस चालवणारी ‘यूथ विथ अ मिशन’ म्हणजेच वायवॅम ही संस्था १९६० साली सुरू झाली. साधारण बारा आठवडे वर्ग आणि मग आठ ते बारा आठवडे आउटरीच, म्हणजे गावोगावची सेवा. सेवकांना पगार नसतो, त्यांच्या मंडळ्या आणि मित्र त्यांना सांभाळतात. त्यामुळे अडीनडीला कोणी उसने देईल हे धरून निघू नका. फीबद्दल ईमेलमध्ये एक प्रश्न स्पष्ट विचारा: आउटरीचचा खर्च यात धरला आहे का? घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. वर्गाची फी भरलेली असते, आठव्या-नवव्या आठवड्यात आउटरीचची रक्कम कळते आणि घरी फोन सुरू होतात. तिकीट, विद्यार्थी पास, विमा, लसी, हातखर्च आणि आउटरीच असे सहा वेगळे आकडे मंडळीपुढे मांडा.

दिवस साडेपाचला उजाडतो. सहाला मनन, साडेसातला चहा-नाश्ता, मग स्तुती-आराधना किंवा मध्यस्थीची प्रार्थना, नऊ ते साडेबारा वर्ग, एकला जेवण, दुपारी दोन तास काम, संध्याकाळी छोटा गट किंवा अभ्यास. केंद्रागणिक अर्धा-एक तास इकडेतिकडे. दुपारचे काम म्हणजे संडास धुणे, शेंगदाणे सोलणे, अंगण झाडणे, पन्नास जणांच्या घेवड्यातले खडे निवडणे. नळाला पाणी नसले की पिवळा जेरीकॅन. तो वीस लिटरचा असतो, म्हणजे भरल्यावर वीस किलो. पहिल्या आठवड्यात अर्धाच भरा, कंबर धरली की पुढचे पंधरा दिवस वाया जातात. आंघोळ पाच लिटरमध्ये होते. कपडे परातीत हाताने धुवायचे, शनिवारी सकाळी, कारण दुपारी पाऊस येऊ शकतो.

घड्याळाबद्दल एक नीट लक्षात ठेवा. इथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे इथला ‘एक’, आपले नऊ म्हणजे ‘तीन’. इंग्रजीत बोलताना सहसा आपल्यासारखेच सांगतात, पण गावात कोणी लुगांडा भाषेत वेळ सांगितली तर सहा तासांचा फरक करा. साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वास लोकांपुढे सांगायला, सहा तास चुकीच्या वेळी पोचलेले पाहुणे इथे नवीन नाहीत.

आता आतल्या गोष्टी. आठवड्यातून एकदा एखाद्या सेविकेबरोबर तासभर एकटीने बोलायचे असते. ती तुमची रोजनिशी वाचेल, घरच्यांशी संबंध, राग, पैसा, जुनी दुखणी यांबद्दल विचारेल. आपल्याकडे पाळकांसमोर माणूस नीटनेटके बोलतो, ती सवय इथे आड येते. शिवाय युगांडाच्या मंडळीला उघड पापांगिकाराची मोठी परंपरा आहे. १९२९ च्या सुमारास कंपाला आणि रुआंडाच्या गाहिनीमधून पूर्व आफ्रिकेतली जागृती सुरू झाली. त्या लोकांना ‘बालोकोले’, म्हणजे तारण पावलेले, म्हणत. चोरलेली वस्तू परत करणे, ज्याचा राग धरला त्याच्या दारी जाऊन क्षमा मागणे, सगळ्यांदेखत चूक कबूल करणे यालाच ते प्रकाशात चालणे म्हणत. ही चाल आजही जिवंत आहे. साक्ष देणारा उठतो आणि आधी सांगतो की मी तारण पावलेला आहे, अमुक साली. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या माणसाला ‘तुम्ही कोणत्या साली तारण पावलात?’ हा प्रश्न गोंधळात टाकतो, कारण आपल्याकडे विश्वास घरातूनच आलेला असतो. घाईने एखादी तारीख बनवून सांगू नका. आजीच्या प्रार्थनेपासून स्वतःच्या निर्णयापर्यंत विश्वास कसा आला ते पाच मिनिटांत खरेपणाने सांगता येईल असे आधीच लिहून ठेवा.

पापांगिकाराच्या सत्रात रडणे पाहून रडू येते. जे सांगायचे ते जरूर सांगा, पण दुसऱ्या माणसाची अब्रू गुंतलेली गोष्ट चारचौघांत नको, ती एकटीत त्या सेविकेला सांगा. ‘देवाने मला सांगितले’ हे वाक्य जपून वापरा आणि जपून ऐका, विशेषतः कोणी ते तुमच्या लग्नाबद्दल, पैशाबद्दल किंवा औषध बंद करण्याबद्दल म्हणत असेल तेव्हा. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला संदेश तुच्छ मानू नका म्हटले आणि लगेच पारख करायलाही सांगितले. पारख म्हणजे वचनाशी मेळ, दोन जाणत्यांचा सल्ला आणि थोडा काळ. प्रशिक्षणाच्या काळात नवे प्रेमसंबंध न जोडण्याचा नियम बहुतेक केंद्रांत असतो. तो जाच वाटला तरी त्यात शहाणपण आहे.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात कोरडेपणा येतो. नव्याची नवलाई संपलेली, झोप कमी, तेच जेवण, खोलीतल्या एकीचा मोबाइल रात्री अकरापर्यंत चालू. मनन करताना शब्द कोरडे लागतात. याचा अर्थ बोलावणे चुकले असा बहुधा नसतो, माणूस थकलेला असतो. त्या आठवड्यात जास्त उपवास करू नका, जास्त झोपा, आणि मराठीत प्रार्थना करा. दिवसभर इंग्रजीत प्रार्थना करताना मन नकळत दुसऱ्यांची वाक्ये उचलते. मराठी पवित्र शास्त्र छापील न्या, कारण वीज जाते. ना. वा. टिळकांची चार भजने पाठ असू द्या. आराधनेत तुमच्या भाषेत गायला सांगतीलच, आणि साध्या चालीवर ढोलक असेल तर सगळे दुसऱ्या कडव्यापर्यंत साथ देतात.

जेवण म्हणजे पोशो आणि घेवडा. पोशो हा मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा, चव जवळजवळ नाहीच. कधी मटोके (उकडून वाफवलेली हिरवी केळी), शेंगदाण्याची आमटी, रताळी, आणि डोडो नावाची भाजी, जी आपल्या माठाच्या कुळातली. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. रस्त्यावर चपाती मिळते, तीत ऑम्लेट गुंडाळले की ‘रोलेक्स’. तिखट नसते. काळा मसाला, शेंगदाण्याची कोरडी चटणी, हिंग एवढे घट्ट डब्यात न्या; जिंजातल्या भारतीय दुकानांत डाळ-तांदूळ मिळतात. चटणी एकटीने खोलीत खाऊ नका, ताटाशेजारी मांडा. हे छोटे वाटते, पण अशा डब्यांवरूनच खोल्यांमध्ये भिंती उभ्या राहतात.

आरोग्यावर मी जास्त लिहितो आहे, कारण इथली चूक जिवावर येऊ शकते. पीतज्वराची लस फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते, पासपोर्ट लागतो, आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. महिनाभर आधी वेळ घ्या, अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगा.

इथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा. आपल्याकडे माहितीची क्लोरोक्विन त्यावर चालत नाही. डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ रोज देतात: निघण्याआधी एक-दोन दिवसांपासून ते परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. ती जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. उन्हाने कातडीही लवकर पोळते. उपवासाच्या दिवशी ती रिकाम्या पोटी घेऊन त्रास झालेले बरेच दिसतात. त्या दिवशी गोळी उपवास सोडल्यावर घ्या. परवडत असेल तर ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सातच दिवस लागते. गोळी घेत असतानाही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. ‘आधी प्रार्थना करू, उद्या बघू’ असे म्हणणाऱ्यांना प्रेमाने सांगा की दवाखान्याच्या वाटेवरही प्रार्थना करता येते. औषध मारलेली मच्छरदाणी गादीखाली खोचा, नुसती सोडून ठेवली तर उपयोग नाही.

मँगो फ्लाय ही माशी ओलसर कपड्यांवर अंडी घालते, अळी कातडीत शिरते आणि गळवासारखा फोड येतो. म्हणून कपडे गवतावर वाळवायचे नाहीत, आणि आतल्या कपड्यांनासुद्धा दोन्ही बाजूंनी, शिवण आणि इलॅस्टिकवरून, कडक इस्त्री करायची. फोड आलाच तर दाबू नका, व्हॅसलीनचा जाड थर द्या, हवा न मिळाल्याने अळी वर येते. जमिनीवर अनवाणी चालू नका, नखाशी जिगर नावाचा पिसवा शिरतो. व्हिक्टोरिया सरोवरात आणि नाईलच्या काठच्या संथ पाण्यात बिल्हार्झिया (पाण्यातून कातडीत शिरणाऱ्या कृमींचा रोग) आहे. बाप्तिस्मे सरोवरात होतात, तेव्हा पाण्यात उतरावे लागले तर लपवू नका. शेवटच्या संपर्कानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करून प्राझिक्वांटेल घेता येते.

जिंजा समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे, रात्री स्वेटर लागतो. मार्च ते मे पाऊस, म्हणजे तुमचे आउटरीच चिखलात: गमबूट तिथेच घ्या. वीज २४० व्होल्ट, पण प्लग तीन चौकोनी पिनांचा.

टुरिस्ट व्हिसावर प्रशिक्षण करायचे नाही. विद्यार्थी पास केंद्राने कसा काढायचा हे लेखी मागा. आउटरीच केनिया किंवा रुआंडात असेल तर परत येताना युगांडाची एकेरी प्रवेशाची परवानगी संपलेली नसावी, हेही विचारा. त्या दोन्ही देशांत प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, सीमेवर सामान उघडतात; कपडे कापडी पिशव्यांत भरा. डॉलर नेताना १०० आणि ५० च्या नव्या मालिकेच्या, कोऱ्या नोटा घ्या. जुन्या, फाटक्या, शाई लागलेल्या नोटा नाकारतात आणि लहान नोटांना दर कमी मिळतो. पासपोर्टवर सिम घेऊन मोबाइल मनी सुरू करा, बाजारात त्यावर बरेच व्यवहार चालतात.

तुम्ही भारतीय आहात हेही लक्षात असू द्या. इदी अमीनने १९७२ मध्ये आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, पुढे त्यांतले काही परतले. आजही मुयिंडी, म्हणजे भारतीय, म्हटले की लोकांना दुकानाचा किंवा कारखान्याचा मालक दिसतो. लोक नोकरी मागतील, भाव जास्त सांगतील, आणि तुमच्या हातात खराटा पाहून थबकतील. तो खराटा सोडू नका. आणि शिकवायला निघाल्याचा आव आणू नका. २०१४ च्या जनगणनेत या देशातल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटले आहे. १८८५ ते १८८७ मध्ये राजा म्वांगाच्या काळात इथल्या तरुणांनी विश्वासासाठी प्राण दिले, दर ३ जूनला नामुगोंगोला लाखो लोक चालत जातात. आर्चबिशप जनानी लुवुम १९७७ मध्ये अमीनच्या राजवटीत मारले गेले. ज्या मंडळीने हे सोसले तिच्याकडे आपण शिकायला जातो.

रोजच्या चालीरीती लवकर जमतात. काहीही विचारण्याआधी अभिवादन: ‘वासुझे ओत्या न्नो’ म्हणजे रात्र कशी गेली, उत्तर ‘बुलुंगी’. पुरुषाला ‘स्सेबो’, बाईला ‘न्न्याबो’. वस्तू उजव्या हाताने द्यायची. आपली मान डोलवणे त्यांना कळत नाही; ते भुवया उंचावतात, त्याचा अर्थ ‘हो’. गावात बायका वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून नमस्कार करतात, तुमच्याकडून अपेक्षा नसते, पण थोडे वाकलात तर बरे वाटते. सेवेला गुडघ्याखाली जाणारे स्कर्ट लागतात. पंजाबी ड्रेस चालतो का ते केंद्राला विचारा, गावोगावी मत वेगळे असते.

आउटरीचमध्ये दुभाष्यामार्फत बोलाल. वीस मिनिटे मिळाली म्हणजे तुमच्या वाट्याला दहा. एका वाक्यात एकच गोष्ट, म्हणी नकोत, आणि सकाळीच दुभाष्याबरोबर शास्त्रभाग वाचून घ्या. मुलांना पैसे, शाळेची फी किंवा ‘परत येईन’ असे वचन देऊ नका. तुम्ही गेल्यावर ते वचन तिथल्या पाळकांच्या अंगावर येते. मदत करायची असेल तर त्यांना विचारून, त्यांच्याच हातून.

परतताना पीतज्वराचा पिवळा दाखला हातातल्या पिशवीत ठेवा. तो नसेल तर मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. पाळकांना आजच सांगून ठेवा की आल्या-आल्या पहिल्या रविवारी अहवाल नको, दोन आठवड्यांनी द्याल. तोवर डॉक्सिसायक्लिनही चालूच असेल.