चाळिशीनंतर परदेशी शिक्षण : भाषाशिक्षकांचे प्रश्न

प्रश्न : मी नाशिकरोडच्या अनुदानित शाळेत इंग्रजी शिकवते. वय ४६. ब्रिटनमध्ये इंग्रजी अध्यापनातील एम.ए. करायचे आहे. वय आड येईल का?

उत्तर : ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला कमाल वयाची अट नाही आणि ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी तर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच. (शिष्यवृत्तीनंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते.) ज्येष्ठ शिक्षकांचे अर्ज बहुधा हेतुपत्रात, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणाऱ्या पत्रात, अडखळतात. निकालाची टक्केवारी, आदर्श शिक्षक पुरस्कार, अगदी निवडणुकीची ड्युटीसुद्धा त्यात येते. वर्ग मात्र कुठे दिसत नाही. आठवीची मुले धडा खणखणीत वाचतात, पण त्याच धड्यावर स्वतः एखादा प्रश्न तयार करायला सांगितला की माना खाली जातात. अशा वेळी आपण काय करून पाहिले, त्यातले काय फसले आणि हा अभ्यासक्रम नेमका कुठे उपयोगी पडेल, एवढे पानभरात मांडले तर ‘या वयात का’ हा प्रश्न कोणी विचारणार नाही. जानेवारी २०२४ पासून अशा वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (संशोधनप्रधान नसलेल्या) पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना कुटुंबाला सोबत नेता येत नाही, त्यामुळे वर्षभराची घरची व्यवस्था आणि संस्थेची बिनपगारी रजेची लेखी मंजुरी, दोन्ही आधी पक्की करावीत.

प्रश्न : माझी बी.ए.ची पदवी ‘पुणे विद्यापीठा’ची, माहेरच्या नावाने, बी.एड. मुक्त विद्यापीठाचे, सासरच्या नावाने. चालेल का?

उत्तर : विद्यापीठाच्या नावाची काळजी नको, २०१४ मध्ये ते ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ झाले, हे अर्जात एका ओळीत नमूद करावे. स्वतःच्या नावाचे तसे नाही. पासपोर्टवर जे नाव, तेच अर्जात व भाषापरीक्षेच्या नोंदणीत अक्षरशः असावे आणि दोन नावांचा दुवा जोडण्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र जोडावे. जुन्या गुणपत्रिकांवरून ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठाने प्रमाणित केलेला गुणांचा एकत्रित उतारा) मिळण्यास वेळ लागतो, म्हणून सर्वांत आधी तोच अर्ज करावा.

प्रश्न : आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा आताच देऊन टाकू का?

उत्तर : गुण दोनच वर्षे ग्राह्य धरतात. प्रवेशाचे वर्ष ठरल्यावरच द्यावी. इंग्रजीच्या शिक्षकांनीही लेखनाचा सराव घड्याळ लावून करावा.

प्रश्न : गंगापूर रोडला जर्मनचे वर्ग घेतो, वय ३८. जर्मनीत शिक्षण फुकट असते ना?

उत्तर : बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते, परंतु बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. राहण्याच्या खर्चाची हमी म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा) दाखवावे लागतात, शिवाय व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला) हवे. आपल्या वयाचा खरा फटका विम्यात बसतो, कारण सरकारी आरोग्य विम्याचा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त दर तिशीपर्यंतच मिळतो. खासगी विम्याचा हप्ता अंदाजपत्रकात धरूनच विद्यापीठाचे शहर निवडावे.