सायबर युनिटची भरती क्लासमध्ये होत नाही

पत्र थोडक्यात असं: देवगड तालुक्यातले एक आंबा बागायतदार लिहितात. मुलगी बारावी सायन्सला, पीसीएम, अकरावीला ७१ टक्के. त्यांचं स्वतःचं सैन्यात जायचं राहिलं, म्हणून तिने सैन्याच्या सायबर युनिटमध्ये अधिकारी व्हावं अशी इच्छा. एक क्लासवाला सहा महिन्यांच्या कोर्सचे १,४०,००० रुपये मागतोय. कोर्स संपला की थेट भरती म्हणतो. मुलीला बीएस्सी फिजिक्स करायचंय. क्लासने सरावाला शेजाऱ्याच्या वायफायचा पासवर्ड फोडायला सांगितला, तिने नकार दिला. आता ती बोलत नाही, म्हणून मोबाइल काढून घेतलाय. ‘गुण कसे वाढवू?’ हा प्रश्न.

नमस्कार.

गुणांचं राहू द्या. आधी मोबाइल परत करा.

तुमच्या पत्रात तिच्या नकाराला तुम्ही ‘आडमुठेपणा’ म्हटलंय. या सगळ्या प्रकरणात शहाणपणाने वागलेली ती एकटीच आहे. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय, अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘सराव चालला होता’ या सबबीवर विसंबू नका. शिवाय सैन्यात घेण्याआधी पोलिसांकडून पडताळणी होते. ज्या नोकरीसाठी तुम्ही धडपडताय, तिचीच वाट हा क्लास बंद करतोय. आणि त्याची फी भरायला तुम्ही व्यापाऱ्याकडून हंगामाची उचल घेणार! मोहोर टिकेल की नाही याचा अजून पत्ता नाही.

सायबर युनिट म्हणजे वेगळी भरती, वेगळी परीक्षा, हा समज क्लासवाल्यांनी पसरवलाय. ही युनिटं आली कुठून ते आधी पाहा. २००८ मध्ये पश्चिम आशियातल्या एका तळावर अमेरिकी लष्कराच्या लॅपटॉपला दूषित पेन ड्राइव्ह लागला आणि आतल्या जाळ्यात विषाणू पसरला. तो साफ करायला महिने गेले. त्यानंतर २००९ मध्ये त्यांच्या सायबर कमांडचा आदेश निघाला, २०१० मध्ये काम सुरू झालं, २०१८ मध्ये तिला स्वतंत्र पूर्ण कमांडचा दर्जा मिळाला. आपल्याकडे संरक्षण व्यवस्थेत सुधारणा सुचवणाऱ्या नरेश चंद्र समितीने २०१२ मध्ये सायबर, अंतराळ आणि विशेष मोहिमा अशा तीन कमांड सुचवल्या होत्या. झाल्या एजन्सी, म्हणजे एक पायरी खाली. डिफेन्स सायबर एजन्सी दिल्लीत आहे, तिन्ही दलांची मिळून. २०१९ मध्ये तिचे पहिले प्रमुख नेमले गेले ते नौदलाचे रिअर अ‍ॅडमिरल मोहित गुप्ता. तिथले अधिकारी आधी भूदल, नौदल किंवा वायुदलात भरती होतात, मग तिथे नेमले जातात. कामही सिनेमातल्यासारखं नाही. शत्रूवर हल्ला हा त्यातला एक भाग. रोजचं काम आपलं जाळं राखण्याचं. नोंदी वाचायच्या, सॉफ्टवेअरमधली भोकं वेळेत बुजवायची, गुप्त जाळं इंटरनेटपासून तोडून ठेवायचं, कुणी पेन ड्राइव्ह लावला ते शोधायचं. कंटाळा न येणारा माणूस लागतो.

वाटा नेहमीच्याच: बारावीवर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (मुलींना खुली, नौदल-वायुदलाला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित हवंच), इंजिनिअरिंगनंतर शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल (ठरावीक वर्षांसाठी तांत्रिक अधिकारी), कॉम्प्युटर किंवा आयटीची इंजिनिअरिंग पदवी किंवा एमसीए असेल तर नौदलाची आयटी एंट्री. सगळीकडे एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची मुलाखत आहे. वडिलांच्या हौसेखातर आलेली मुलं तिथे पाच दिवसांत उघडी पडतात.

माझं मत विचाराल तर तिला फिजिक्स करू द्या. पदवीनंतर तिला स्वतःला वर्दी हवीशी वाटली, तर सीडीएस या पदवीधरांच्या परीक्षेतून चेन्नईच्या ओटीएची, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीची वाट उरतेच. नाही वाटली, तर तो विषय तिथे संपला. घरात एक जुना लॅपटॉप असू द्या. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, नेटवर्किंगची मुळाक्षरं त्यावर फुकट शिकता येतात, पण ती मागेल तेव्हाच.

क्लासला पहिला हप्ता दिला असेल तर पावतीसह लेखी अर्ज करून परत मागा. वायफायचा ‘सराव’ सांगितला होता हे त्यात नक्की लिहा.