सरांच्या मागे राहिलेल्या फायली

(पत्राचा आशय : मी विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. जिल्ह्याच्या लोक अभिरक्षक कार्यालयात, म्हणजे आरोपींना मोफत वकील देणाऱ्या सरकारी विधी सेवेच्या कार्यालयात, ज्यांच्या हाताखाली इंटर्नशिप केली, ते सर गेल्या महिन्यात गेले. आधी विधी सेवेच्या पॅनेलवर आणि नंतर या कार्यालयात त्यांनी जन्मभर गरीब आरोपींचे खटले लढवले. स्मरणिकेत त्यांच्यावर लिहायचं आहे आणि पुढे त्यांचंच काम करायचं आहे. घरचे म्हणतात, यात पैसा नाही, आणि गुन्हेगारांना सोडवण्यात कसलं भूषण?)

तुझं दुःख समजतं. अशी माणसं कोर्टात फार नसतात. लेखाआधी त्यांच्या फायलींचं बोलू, कारण तारखा थांबत नाहीत.

वकील गेला की त्याचं वकीलपत्र संपतं. तुरुंगातल्या कच्च्या कैद्याला हे अनेकदा पुढच्या तारखेलाच कळतं. कार्यालय नवीन नेमणूक करेलच. तू परवानगी घेऊन यादी करायला मदत कर : खटला क्रमांक, कोर्ट, पुढची तारीख, कोणता साक्षीदार अर्ध्यावर आहे, आरोपी आत आहे की बाहेर. उलटतपासणीची सरांनी काढलेली टिपणं फाईलमध्येच राहू देत. ती हरवली तर नव्या वकिलाला पंचनाम्यापासून सुरुवात करावी लागते.

आत असलेल्यांचे तीन मुद्दे आधी बघायला सांग. पहिला, दोषारोपपत्राची मुदत : पोलिसांनी ते वेळेत दाखल केलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा 10 वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवस, बाकीच्यांत 60. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, आणि तो दिवसही धरून. मुदत उलटल्यावर दोषारोपपत्र येण्याआधी जामिनाचा अर्ज दाखल झाला नाही तर हा हक्क गेला. एका दिवसाच्या चुकीने माणूस महिनोन्‌महिने आत राहतो. दुसरा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं) कलम 479 : पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर जामिनावर सुटका, इतरांसाठी निम्मा. मृत्युदंड-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि दुसरा खटला चालू असेल तर अर्ज इथेच अडतो. म्हणून इतर गुन्ह्यांची माहिती आधी काढायची. तिसरा, जामीन मिळूनही आत असलेले. हे सर्वांत दुर्लक्षित. ऐपतदार जामीनदार मिळत नाही, तहसीलचा ऐपतीचा दाखला निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2023 च्या निर्देशांनुसार 7 दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, आणि महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर कोर्ट अट शिथिल करायची का ते पाहू शकतं. त्यासाठी कुणीतरी पाठपुरावा करावा लागतो.

आता तुझं. वकिलीची सनद घे आणि ऑल इंडिया बार परीक्षा दोन वर्षांच्या आत पास हो. सहायक लोक अभिरक्षकासाठी फौजदारीतला शून्य ते तीन वर्षांचा अनुभव चालतो, म्हणजे दार लगेच उघडं आहे. पण नेमणूक कंत्राटी असते : आधी दोन वर्षं, मग काम पाहून वर्षावर्षाने वाढ. खाजगी वकिली बंद. घरच्यांची पैशाची काळजी खोटी नाही. मानधनाचा आकडा जाहिरातीत बघून, भाडं-प्रवास वजा करून त्यांच्यासमोर मांड.

पुढच्या पायरीचा विचार आजच कर. उपमुख्य पदासाठी सात वर्षं आणि सत्र न्यायालयातले 20 खटले, मुख्य पदासाठी दहा वर्षं आणि 30 खटले लागतात. अनेक ज्युनियर वर्षानुवर्षं फक्त जामीनअर्ज चालवतात आणि इथे अडकतात. जी उलटतपासणी स्वतः घेतलीस तिची वही ठेव. खटला क्रमांक, निकालाची तारीख, स्वतःच्या नावाच्या वकीलपत्राची प्रत, सगळं.

भूषणाचं म्हणशील तर वडिलांना 1978 चा होसकोट विरुद्ध महाराष्ट्र सरकार हा निकाल वाचायला दे. तुरुंगातल्या माणसाला निकालाची मोफत प्रत आणि अपिलासाठी वकील मिळाला पाहिजे, हे त्यात ठरलं. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो तो उत्पन्न न बघता, कारण तो आत बसून स्वतःचा बचाव करू शकत नाही. दोषी कोण, हे त्यानंतर ठरतं. तुझ्या सरांचं काम नेमकं त्या आधीच्या टप्प्यातलं होतं, आणि ते नीट झालं नाही तर शिक्षेवरही विश्वास ठेवता येत नाही.

स्मरणिकेच्या लेखात अशिलांनी सरांना सांगितलेलं काहीही येऊ देऊ नकोस, नाव बदलूनही नाही. छोट्या जिल्ह्यात गाव आणि गुन्हा सांगितला की माणूस ओळखू येतो. वकील गेला तरी अशिलाची गोपनीयता जात नाही. खुल्या कोर्टात झालं ते आणि निकालपत्रात आहे ते लिही. सर साक्षीदाराला कसे प्रश्न विचारत, तुरुंगभेटीच्या वहीत काय नोंदवत, आरोपीच्या आईला तारीख कशी समजावून सांगत, हे तू पाहिलं आहेस, तेच लिही. आणि छापायला देण्याआधी मसुदा मुख्य लोक अभिरक्षकांना दाखव.