वाचकांचे प्रश्न : सुळक्यावरचा हात आणि पोटापाण्याचा प्रश्न

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील चोवीस वर्षांचा तरुण असून आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. गेली पाच वर्षे मी सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतो. वानरलिंगी आणि लिंगाणा हे सुळके चढून झाले आहेत. घरचे म्हणतात, दगडाला लटकून पोट भरत नाही. या कौशल्यावर नोकरी मिळू शकते का?

उत्तर : मिळू शकते, मात्र ती सुळके चढण्याबद्दल मिळत नाही, हे आपल्या घरच्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. दोरावर लटकून उंचावरची कामे करण्याच्या या व्यवसायाला ‘रोप ॲक्सेस’ म्हणतात. जिथे परांची बांधायलाच कित्येक दिवस जातात, अशा उंच चिमण्या, साठवण टाक्या, पुलांचे केबल, समुद्रातील तेल फलाट आणि पवनचक्क्यांची पाती येथे दोरावरून पोहोचून वेल्डिंग, रंगकाम किंवा तपासणी करणारी माणसे लागतात. दोर हे कामाच्या जागी पोहोचण्याचे साधन आहे, पगार तिथे पोहोचून केलेल्या कामाचा असतो. त्यामुळे आपले फिटरचे प्रमाणपत्र मला लिंगाण्याइतकेच मोलाचे वाटते. त्याला ध्वनिलहरींनी धातूची जाडी मोजण्याच्या तपासणीचे प्रशिक्षण जोडल्यास निव्वळ रंगाऱ्यापेक्षा आपल्याला अधिक मागणी राहील. वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या तर आपल्याच जिल्ह्यात आहेत.

या क्षेत्रात ‘इराटा’ या ब्रिटिश संघटनेची तीन पातळ्यांची प्रमाणपत्रे जगभर मानली जातात. पहिल्या पातळीसाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. किमान चार दिवसांचे प्रशिक्षण असते आणि त्यानंतर बाहेरचा परीक्षक परीक्षा घेतो. दुसऱ्या पातळीसाठी किमान एक वर्ष आणि 1000 तासांचे काम नोंदवहीत असावे लागते. तिसऱ्या, म्हणजे पर्यवेक्षकाच्या पातळीसाठी पुन्हा तेवढेच. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. सुळक्यांवरचे तास या नोंदवहीत धरले जात नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो, कारण आरोहक मंडळी नेमकी इथेच नाराज होतात.

नाराजीचे दुसरे कारण सवयींचे आहे. आरोहणात आपण हातापायांनी चढतो आणि आपण पडल्यास सावरण्यासाठी दोर असतो, म्हणून तो धक्का शोषणारा, ताणला जाणारा असतो. कामाच्या दोरावर मात्र शरीराचा भार सतत असल्याने तो कमी ताणाचा घेतात, आणि शेजारी वेगळ्या अँकरला (दोर अडकवण्याच्या पक्क्या आधाराला) बांधलेला दुसरा दोर कायम असतो. एक तुटला तरी माणूस दुसऱ्यावर राहावा, हा त्यामागचा विचार. ‘बिले’ देणाऱ्या, म्हणजे आपला दोर सांभाळणाऱ्या मित्रावर विसंबून राहण्याची, किंवा ‘एवढ्यासाठी कशाला’ म्हणत एखादी गाठ न तपासण्याची सवय असेल, तर ती पहिल्या दिवशी सोडावी लागते. उंचीची भीती नसणे ही आपली जमेची बाजू आहे, परंतु भीती अजिबातच नसलेल्या माणसाला कोणताही पर्यवेक्षक दोरावर घेणार नाही.

आपल्याला अधिक जवळचे वाटेल असे काम घाटांतही आहे. जुलै 2015 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली, त्यानंतर तेथील उतारांवर जाळ्या बसवण्याच्या कामाला वेग आला. सुटे दगड काढणे, कड्यात छिद्रे पाडून बोल्ट ठोकणे, जाळी ताणणे ही कामे दोरावर लटकूनच होतात, आणि कातळ ओळखणारी नजर इथे खरोखर उपयोगी पडते.

समुद्रातील फलाटांवर जायचे असल्यास समुद्रातून बचावण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. माझ्या मते आपण आधी जमिनीवरच्या कामांत पहिली पातळी आणि नोंदवहीतले तास मिळवावेत.

प्रश्न : कारखान्यात काम करायचे नसेल, पण आरोहणातच राहायचे असेल तर?

उत्तर : मग शिकवण्याचा मार्ग उरतो. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (स्थापना 1965) किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (1954) येथे बेसिक अभ्यासक्रम ‘अ’ श्रेणीत पूर्ण करावा, मग ॲडव्हान्स आणि त्यानंतर प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम. टोकियो ऑलिंपिकपासून स्पोर्ट क्लाइंबिंगचा समावेश झाल्यामुळे कृत्रिम भिंतींवर शिकवणाऱ्यांना आणि भिंतीवर नवनवे मार्ग बसवणाऱ्यांनाही आता काम मिळते. उत्पन्न सुरुवातीला हंगामी असते, म्हणून पावसाळ्याचे चार महिने कशावर काढायचे, ते आधी ठरवून मगच नोकरी सोडावी.