पेडल नाही, पण क्लच आहे

प्रिय मित्रा,

ऑटोमॅटिक ट्रकवर शिकलो तर लोक अर्धाच ड्रायव्हर समजतील का, असं तू विचारलंस. काही जण समजतील, समजू देत. मी वीसेक वर्षं गिअरचा दांडा हलवला आणि मग क्लच पेडल नसलेली गाडी हातात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात क्लच जाळला.

झालं असं, की माल उतरवायच्या धक्क्याला गाडी उलटी लावायची होती आणि मागे थोडा चढ होता. ऑटोमॅटिक कारसारखंच हेही असणार, अशा समजुतीत मी ब्रेकवर पाय न ठेवता रेसवरच गाडी तोलून धरली आणि इंच इंच मागे सरकवत राहिलो. थोड्याच वेळात जळका वास आला आणि डॅशबोर्डवर इशारा पेटला. बऱ्याच ऑटोमॅटिक कारमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे ताकद तेलातून जाते, त्यामुळे असं तोलणं तिथे थोडा वेळ खपून जातं. आजच्या लांब पल्ल्याच्या जड ट्रकमध्ये बहुतेक वेळा एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन असतो. आत गिअरबॉक्स दातेरी चाकांचाच, क्लचही घासणाऱ्या प्लेटचाच, फक्त तो दाबायचं काम यंत्रणा करते. व्होल्वोचा 2001 मध्ये आलेला आय-शिफ्ट याच जातीचा. ॲलिसन कंपनीचे टॉर्क कन्व्हर्टरवाले गिअरबॉक्स वेगळे, ते कचऱ्याच्या गाड्या, अग्निशमन बंब अशा सतत थांबत-निघत चालणाऱ्या वाहनांत जास्त दिसतात. तेव्हा गाडी मिळाली की आधी विचार, आत नेमकं काय आहे. एएमटी असेल तर चढावर ब्रेकनेच थांबायचं आणि निघायचं तर सरळ निघायचं. हाफ क्लचचा, म्हणजे क्लच अर्धवट घासत गाडी तोलण्याचा खेळ पेडल नसतानाही होतो, आणि तो दिसत नाही म्हणून जास्त महागात पडतो.

आता दांड्याच्या गाडीकडे येऊ. सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे फेरे आपोआप जुळवणारी यंत्रणा, नसलेल्या दहा गिअरच्या बॉक्समध्ये दांड्याच्या जागा पाचच असतात. मुठीवरचं रेंजचं बटण वर केलं की त्याच जागा सहा ते दहा होतात. गिअर उतरवायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस देऊन इंजिनाचे फेरे वर आणायचे, पुन्हा क्लच आणि मग गिअर. फेरे जुळले नाहीत तर बॉक्स करकरतो आणि गिअर घेत नाही. सपाट रस्त्यावर फार तर लाज जाते. भरल्या गाडीने उतारावर असं झालं, तर न्यूट्रलमध्ये गाडी सुटते, इंजिनाचा अडसर संपतो आणि वेग वाढत गेल्यावर कुठलाच गिअर बसत नाही.

म्हणूनच जुन्या उस्तादांचं एकच म्हणणं असायचं: गिअर उताराच्या आधी उतरव. हे ऑटोमॅटिकवाल्यांना कोणी तितक्या कळकळीने सांगत नाही, याचा मला राग येतो. बॉक्सला चाकाखालचा चढ-उतार कळतो. नकाशावरून पुढचा उतार ओळखणारेही काही आहेत, पण वळणापलीकडे बंद पडलेली गाडी त्यांनाही दिसत नाही. घाटमाथ्यावरच वेग कमी कर, मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धर, इंजिन ब्रेक किंवा रिटार्डर (पायाचा ब्रेक न घासता गाडीचा वेग रोखणारी यंत्रणा) लाव. ठरवलेल्या वेगाला गाडी पोचली की पायाचा ब्रेक ठामपणे दाब, वेग ताशी 8 किलोमीटरने उतरला की पूर्ण सोड. सगळा उतार ब्रेक हलका घासत उतरलास, तर ड्रम तापतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक लागेनासे होतात. रस्ता ओला आणि गाडी रिकामी असेल तर मात्र इंजिन ब्रेक जपून, मागची चाकं घसरतात.

लायसनचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत क्लच पेडल नसलेल्या ट्रकवर चाचणी दिलीस तर लायसनवर ‘ई’ बंधन लागतं, म्हणजे दांड्याचा ट्रक चालवता येत नाही. एएमटीही तिथे ऑटोमॅटिकच धरतात, आणि बंधन काढायला दांड्याच्या गाडीवर पुन्हा चाचणी द्यावी लागते. ब्रिटनमध्ये 2014 पासून कारचं मॅन्युअल लायसन असलेल्याला ऑटोमॅटिक ट्रकवर चाचणी देऊनही मॅन्युअल ट्रक चालवता येतो. म्हणजे नियम जागेनुसार बदलतो. फी भरण्याआधी तुझ्याकडचा नीट वाच.

माझं मत विचारशील तर शाळेत दांड्याची गाडी असेल तर तिच्यावर शीक आणि चाचणीही तिच्यावरच दे. इंजिनाचा आवाज कानात बसतो आणि कामाची दारं बंद होत नाहीत. त्यानंतर नोकरीत ऑटोमॅटिक मिळाली तर खुशाल घे. नव्या ड्रायव्हरची नजर गिअरच्या मुठीकडे जाते ती नेमकी वळणावर, जिथे आरशात सायकलवाला शोधायचा असतो. ते ओझं कमी झालं तर मला आनंदच आहे. शाळेत दांड्याची गाडीच नसेल, तर त्यापायी वर्ष वाया घालवू नकोस.

आणि पहिल्या दिवशी गाडी सुरू करण्याआधी मॅन्युअल मोडचं बटण आणि रिटार्डरची दांडी शोधून ठेव. खाली न बघता हात तिथे जाईपर्यंत उभ्या गाडीतच सराव कर. कुठला बॉक्स मिळाला ते कळव, मग उलटी लावण्याबद्दल सविस्तर लिहितो.

तुझा,
एक जुना ड्रायव्हर