सर्व्हिस रीबूटनंतर उठत नाही

प्रश्न : मीटरचे रीडिंग गोळा करणारा 'मीटरडी' हा आमचा प्रोग्राम सर्व्हिस म्हणून चालवायचा आहे. /एटसी/इनिट.डी हे फोल्डर दिसले की आमचा इन्स्टॉलर त्यात स्क्रिप्ट टाकतो. डेबियन १२ या लिनक्सवर हाताने सुरू केली की चालते, पण रीबूटनंतर बंद. अल्पाइन या दुसऱ्या लिनक्सवर फाइल समोर दिसत असूनही 'नॉट फाउंड' येते.

उत्तर : मुळात तपासणीच चुकली आहे. ते फोल्डर डेबियनवरही असते आणि अल्पाइनवरही. पीआयडी १, म्हणजे बूट होताना सर्वात आधी सुरू होणारी प्रोसेस, कोणाकडे आहे हे त्यावरून कळत नाही. आधी /रन/सिस्टमडी/सिस्टम पाहा. मशीन सिस्टमडीने (डेबियनवर सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) बूट झाले असेल तरच ही डिरेक्टरी असते. ती नसेल तर /रन/ओपनआरसी पाहा; अल्पाइनवर हेच काम ओपनआरसी करते. निव्वळ सिस्टमसीटीएल ही सिस्टमडीची कमांड सापडली म्हणून भुलू नका, ती कंटेनरातही पडलेली असू शकते.

डेबियनवर मीटरडी.सर्व्हिस ही फाइल /एटसी/सिस्टमडी/सिस्टम मध्ये ०६४४ परवानगीने ठेवा. मग 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' आणि 'सिस्टमसीटीएल इनेबल --नाउ मीटरडी'. स्टार्ट म्हणजे आत्तापुरते, इनेबल म्हणजे पुढच्या बूटला. तुमची दुसरी पायरी राहिली. त्या फाइलच्या [इन्स्टॉल] भागात 'वॉन्टेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट' नसेल, तर इनेबल करूनही बूटची लिंक तयार होत नाही.

जुन्या स्क्रिप्टमधली ओळ मीटरडी.सर्व्हिसमधल्या 'एक्झेकस्टार्ट'मध्ये (प्रोग्राम सुरू करणारी ओळ) जशीच्या तशी चिकटवू नका. तिथे शेल, म्हणजे अशा खुणांचा अर्थ लावणारा प्रोग्राम, नसतो, त्यामुळे शेवटचा '&' किंवा '>' प्रोग्रामला साधा आर्ग्युमेंट म्हणून मिळतो. प्रोग्राम स्वतःच बॅकग्राउंडला जात असेल आणि त्याच फाइलमधला टाइप 'सिंपल' असेल, तर मूळ प्रोसेस संपताच सिस्टमडी सर्व्हिस संपली असे धरते आणि मागे राहिलेल्या प्रोसेसलाही मारते. लॉगमध्ये 'स्टार्टेड' दिसते, लगेच सगळे शांत! प्रोग्राम फोरग्राउंडला ठेवणे उत्तम. ते जमतच नसेल तर टाइप 'फोर्किंग' करा आणि 'पीआयडीफाइल' (प्रोसेसचा क्रमांक ठेवणारी फाइल) द्या.

अल्पाइनवर 'नॉट फाउंड' आहे ते स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतले /बिन/बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा शेल. तिथे बॅश मुळात नसतेच. ते टाकून भागणार नाही, कारण ओपनआरसीला पहिली ओळ '#!/एसबिन/ओपनआरसी-रन' अशी लागते. खाली 'कमांड', 'कमांड_बॅकग्राउंड' आणि 'पीआयडीफाइल' या ओळी. बॅकग्राउंड 'येस' केले तर पीआयडीफाइल द्यावीच लागते. फाइल /एटसी/इनिट.डी मध्येच, पण ०७५५ परवानगीने. शेवटी 'आरसी-अपडेट ॲड मीटरडी डिफॉल्ट' आणि 'आरसी-सर्व्हिस मीटरडी स्टार्ट'. फाइल विंडोजवर लिहिली असेल तर ओळीअखेरच्या सीआर या न दिसणाऱ्या खुणेमुळेही हीच एरर येते, 'डॉसटूयुनिक्स' चालवा.

देवुआनसारखे सिस-व्ही (इनिटची जुनी पद्धत) वापरणारे मशीन असेल, तर तुमचीच स्क्रिप्ट चालेल. फक्त वर 'बिगिन इनिट इन्फो'चा एलएसबी मथळा (सर्व्हिसची माहिती देणाऱ्या ठरावीक कॉमेंट-ओळी) हवा, आणि मग 'अपडेट-आरसी.डी मीटरडी डिफॉल्ट्स'.