मुलगी सोरोरिटीत जायचं म्हणते

“शिकायला पाठवलीय की मिरवायला?” न्यू जर्सीत समुपदेशन करताना हा प्रश्न दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. सुट्टीला घरी आलेली मुलगी जेवता जेवता सांगते, “जानेवारीत मी रश करणारे,” (रश म्हणजे सोरोरिटीत, कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेत, शिरण्यासाठीच्या भेटीगाठींच्या फेऱ्या) आणि आईबाबांच्या डोळ्यांपुढे दारूच्या पार्ट्यांतले लाल प्लॅस्टिकचे पेले नाचायला लागतात.

वैशालीताईंकडे हेच झालं. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.) त्यांची ईरा पेनसिल्व्हेनियातल्या एका मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला. आईला दारूची धास्ती, तर बाबांना पैशांची. “वर्गणी सेमिस्टरला शेकडो डॉलरांत, त्यांच्या घरात राहायला गेली तर हजारांत. ट्यूशन वेगळी! म्हणजे मैत्रिणींसाठी हप्ते भरायचे?” मला हसू आलं, पण प्रश्न रास्त होता. खर्च आधी लेखी मागून घ्या, असंच मी सांगते. वर्गणीशिवाय टी-शर्ट, फोटो, डान्सचे कपडे यांतही बरंच निघतं.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात: सोरोरिटी म्हणजे अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींची सभासद-संघटना. बहुतेकींची नावं ग्रीक अक्षरांची, आणि अनेक ठिकाणी त्यांचं स्वतःचं घर असतं. या प्रथेची सुरुवात 1851 साली जॉर्जियातल्या वेस्लियन कॉलेजात झाली असं मानतात. आज यांतल्या 26 राष्ट्रीय संघटना ‘नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स’ या 1902 च्या शिखर संस्थेत आहेत. वैशालीताईंनी मध्येच विचारलं, “कमला हॅरिसपण होत्या ना?” होत्या, पण त्यांची अल्फा काप्पा अल्फा ही 1908 साली हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींनी उभी केलेली. तिची परंपरा वेगळी आणि तिथलं नातं जन्मभराचं.

आईबाबांना सहसा ठाऊक नसतं ते असं, की या 26 संघटनांच्या बहुतेक घरांत दारूला बंदी असते. पार्ट्या होतात फ्रॅटर्निटीत, म्हणजे मुलांच्या अशाच संघटनांच्या घरांत. त्यामुळे मुलगी कुठल्या घरात राहते याहून ती शनिवारी रात्री कुणाच्या घरी जाते, परत कुणाबरोबर येते, हे विचारण्यात जास्त अर्थ आहे.

आणि हेझिंग, म्हणजे नव्या सभासदांचं रॅगिंग. त्यावर ईराचे बाबा म्हणाले, “आमच्या हॉस्टेलला काय कमी झालं? काही बिघडलं नाही.” इथे मात्र मी त्यांना थांबवलं. 2017 साली पेन स्टेट विद्यापीठाच्या एका फ्रॅटर्निटीत नव्या मुलांना दारू पाजण्याच्या प्रकारात एकोणीस वर्षांचा मुलगा दगावला. पडून जखमी झाल्यावरही कित्येक तास कुणी मदत बोलावली नव्हती. त्यानंतर 2018 साली पेनसिल्व्हेनियाने कडक कायदा केला. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय कायदाही आला, त्यामुळे कुठल्या संघटनेवर हेझिंगचा ठपका आलाय हे विद्यापीठांना जाहीर करावं लागतं. ती माहिती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधा आणि मुलीशेजारी बसून वाचा.

ईराशी मी वेगळी बोलले. अठरा पूर्ण झालेल्या मुलीचं बोलणं तिच्या परवानगीशिवाय आईपर्यंत जात नाही, हे आधीच सांगितलं होतं. वैशालीताईंना ते फारसं रुचलं नाही. (इथे लिहितेय तेही ईराला विचारूनच.)

तिने फोनवर एक तक्ता दाखवला. कुठल्या फेरीला जीन्स, कुठल्या फेरीला ड्रेस, कानातले कुठले, बूट कुणाचे उसने. मी नुसती बघत राहिले. मग हळूच म्हणाली, “आँटी, रूममेट दोघी रश करतायत. फेब्रुवारीनंतर त्या त्यांच्या ग्रुपमध्ये. मग मी जेवायला कुणाबरोबर जाऊ?” ऑक्टोबरपासून ही मुलगी डायनिंग हॉलमधून डब्यात जेवण भरून खोलीत आणत होती. फोनवर आई विचारायची, “जेवलीस का?” ही म्हणायची, “हो.” खोटं काहीच नव्हतं त्यात.

मुलगी काय शोधतेय हे कळेपर्यंत ‘जायचं की नाही’ हा वाद घालण्यात अर्थ नसतो, असं माझं ठाम मत आहे.

एकटीने जेवायचं हे सगळं ईराने स्वतःच घरी सांगितलं. आईने लगेच तोडगा काढला: जायचंच तर आपल्या मुलींच्यात जा. दक्षिण आशियाई मुलींच्या सोरोरिटी आहेतच. 1998 या एकाच वर्षी न्यू यॉर्क, ह्यूस्टन आणि ऑस्टिन इथे त्या निघाल्या, आणि अनेक मुलींना तिथे हक्काचं घर मिळालंय. ईराने मान हलवली. “आई, शाळेत बारा वर्षं मी दिवाळी शोवालीच होते.”

शेवटी आम्ही बोललो ते गुपितांबद्दल. शपथ, विधी, परवलीचे शब्द हे सगळ्याच संघटनांत गुप्त असतात. ते आईला नाही कळले तर काही अडत नाही. पण “रात्री कुठे नेणार ते विचारायचं नाही, फोन ठेवून या” हे गुपित त्या जातीचं नव्हे. असं काही आलं तर ईराने घरी कळवायचं, आणि कळवल्यावर बाबांनी गाडी काढून तिला उचलून आणायचं नाही, असं ठरलं. बाबांना दुसरी अट जड गेली.

जानेवारीत रश सुरू झाला. एकेका घरात वीस-तीस मिनिटं, कानठळ्या बसवणारी गाणी, मग तेच ते प्रश्न: कुठली, मेजर (मुख्य विषय) काय. दोन्ही बाजू आपापली पसंती लावतात, जुळणी कॉम्प्युटर करतो. नकाराचं कारण कुणी देत नाही. ईराला आवडलेली दोन्ही घरं दुसऱ्या फेरीनंतर गळाली आणि वैशालीताईंचा मला फोन आला: “काय कमी दिसलं हो त्यांना हिच्यात?” ज्या घरांत मुलगी जाऊ नये म्हणून महिनाभर देव पाण्यात ठेवले होते, त्यांनीच नको म्हटल्यावर आईचं पित्त खवळलं होतं!

ईरा तेव्हा पेनसिल्व्हेनियात होती आणि माझा परवाना न्यू जर्सीचा, त्यामुळे मी तिच्याशी सत्र घेऊ शकत नव्हते. तिला कॅम्पसवरच्या समुपदेशन केंद्राकडे पाठवलं, ती गेलीही. आईला मी एवढंच सुचवलं, की शेवटच्या फेरीनंतर मुली एक करारनामा सही करतात, तेवढा तिला शांतपणे वाचायला सांगा. त्यात पसंतीने लिहिलेल्या घराने बोलावलं आणि मुलीने नकार दिला, तर त्या कॅम्पसवर या 26 मधल्या दुसऱ्या सोरोरिटीत साधारण वर्षभर जाता येत नाही. थकलेल्या मुली समोरची सगळी नावं भरून टाकतात. जिथे खरंच जायचंय तेवढंच लिहावं. ईराने एकच नाव लिहिलं आणि तिथून बोलावणं आलं.

मार्चमध्ये नव्या मुलींच्या ग्रुपवर तो मेसेज आलाच: अकरा वाजता पार्किंगमध्ये, फोन खोलीत ठेवून. ईराने आईला स्क्रीनशॉट पाठवला. आईने ठरल्याप्रमाणे विचारलं, “तुला काय करायचंय?” ईरा आणि आणखी एक मुलगी गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चॅप्टरच्या (सोरोरिटीच्या त्या कॅम्पसवरच्या शाखेच्या) सल्लागार बाईंना मेसेज दाखवला. दोन सीनियर मुली महिनाभर ईराशी बोलत नव्हत्या. बाकीच्या बोलत होत्या, आणि रात्रीचं जेवणही आता टेबलावर व्हायचं.

आता प्रश्न आहे पुढच्या वर्षी त्यांच्या घरात राहायला जायचं का, याचा. अनेक चॅप्टर सभासदांना एखादं वर्ष तिथे राहायला लावतात, आणि तो करार पूर्ण वर्षाचा असतो. बाबांनी तो मागवून घेतलाय. सोडून जायचं ठरवलं तर किती पैसे परत मिळतात, ते कलम त्यांना अजून सापडलेलं नाही.